घुशी, रानडुकरे आणि फसलेल्या शिकारी: उपाय आणि अनुभव सांगावेत

मांजराकाठ, लातूर

नमस्कार मंडळी. आम्ही मांजरेच्या काठी शेतातल्या आखाड्यावरच राहतो. यंदा गोठ्याच्या ओट्याखाली घुशींनी असे पोखरले आहे, की बैल बांधतो तेथील फरशी एका बाजूने खचली असून, शेजारच्या खोलीतल्या ज्वारीच्या पोत्यांनाही खालून भोके पडली आहेत.

थोरल्या चुलत्यांनी मध्यंतरी त्यांची शिकार करण्याचे ठरवले. बिळाच्या एका तोंडाशी गोवऱ्या आणि सुक्या मिरच्या पेटवायच्या, धूर आत कोंडायचा आणि दुसऱ्या तोंडाशी काठ्या घेऊन उभे राहायचे, असा बेत होता. सालगडी सुपाने वारा घालत होता आणि चुलते व आमचे मेहुणे काठ्या उगारून उभे होते. पण त्या बिळाला तिसरेही तोंड होते आणि ते स्वयंपाकघरात चुलीमागे निघत होते, हे कोणाला ठाऊक असणार? मिरचीचा ठसका लागून घरातल्या बायका बाहेर धावल्या, धूर पाहून आग लागली असे समजून शेजारच्या शेतातली माणसे घागरी घेऊन आली आणि त्यांनी ते सगळे पाणी चुलीवर, पिठाच्या परातीसकट, ओतले. त्या गोंधळात एक दांडगी घूस निघाली ती थेट मेहुण्यांच्या पायांमधून. मेहुणे उडी मारून सोडलेल्या बैलगाडीवर मागच्या बाजूने चढले, गाडी उलार झाली आणि ते कडब्याच्या पेंढ्यांवर उताणे पडले. घूस गाडीखालून धुऱ्याकडे निघून गेली.

घरात अजून या प्रसंगावर हसणे चालू आहे आणि पोती फुटणेही चालूच आहे. म्हणून विचारतो, की घुशींवर खात्रीचा उपाय कोणता? शिवाय भुईमुगात रानडुकरे उतरू लागली आहेत, त्यांची शिकार कायद्याने करता येते का? कोणाकडे अशी फजिती झाली असेल, तर तीही अवश्य सांगावी, कारण कोणता उपाय नेमका कोठे फसतो, हे त्यातूनच नीट कळते.

कयाधूकर, हिंगोली

दादा, धूर असो वा पाणी, बिळाची सगळी तोंडे माहीत असल्याशिवाय दोन्ही व्यर्थ आहेत. घुशीच्या बिळाला अनेक तोंडे असतात आणि त्यांतली काही तिने वरून मातीने बुजवून ठेवलेली असतात, म्हणून ती नुसत्या नजरेला दिसत नाहीत. संध्याकाळी दिसतील तेवढी सगळी तोंडे ओल्या मातीने लिंपून टाकावीत आणि सकाळी फिरून पाहावे. जी उकरलेली दिसतील, ती बिळे जिवंत आहेत असे समजावे आणि पुढचा उपाय तेवढ्यांवरच करावा.

आमच्या शेजाऱ्यांनी एकदा गव्हाच्या रानातल्या बिळात मोटारीचा पाईप सोडला. पाणी आत जात राहिले, वर काही येईना, तेव्हा घुशी बुडाल्या असतील या आनंदात त्यांनी मोटार चालूच ठेवली. ते पाणी धुऱ्याखालून पलीकडे त्यांच्याच भावाच्या खळ्यावर निघाले आणि तेथे तुरीची गंजी खालून भिजली. दोघा भावांची बोलाचाली आधीच बंद होती; त्या दिवशी ती सुरू झाली, पण गोड शब्दांत नव्हे. पुढे तेच बीळ खणले, तेव्हा आतल्या कप्प्यात गव्हाच्या ओंब्या देठांसकट एकीवर एक रचलेल्या सापडल्या. लहान जातीची घूस असा साठा करते, त्यामुळे खाण्याने होते त्याहून अधिक नुकसान ती ओढून नेण्याने करते.

बालाघाटच्या पायथ्याशी, बीड

रानडुकरांबाबत सावधपणे लिहितो, कारण या विषयात गावोगाव चुकीची माहिती दिली जाते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. त्यानुसार रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल, तर कलम 11 खाली वन विभागाचा अधिकृत अधिकारी शिकारीची लेखी परवानगी देऊ शकतो; परवानगीशिवाय फासे लावणे किंवा मारणे हा गुन्हा ठरतो. काळवीट आणि मोर तर पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांचा विचारही करू नये. पीक खाल्ले असेल, तर वन विभागाकडे तातडीने अर्ज देऊन पंचनामा करून घ्यावा.

कृपा करून तारेत घरची वीज सोडू नका. रात्री पाणी द्यायला निघालेली माणसे अशा तारांना चिकटून मेली आहेत. त्याऐवजी कुंपणाला सौर झटका मशीन लावावे; त्याचा धक्का क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागे फिरते आणि जीव जात नाही.

आता फजितीचे. आमच्या मामांनी जागलीला माणूस मिळेना, म्हणून भोंगा आणला आणि त्यात स्वतःच्या आवाजात भरले, ‘कोण आहे रे तिकडं? थांब, आलोच!’ थोड्या थोड्या वेळाने तो रात्रभर ओरडत असे. एका रात्री मामांचे साडू उशिराच्या गाडीने उतरून शेतातल्या वाटेने येत होते. आवाज आला, तसे ते थांबले आणि नम्रपणे म्हणाले, ‘मी आहे, पाहुणा.’ पुन्हा तोच प्रश्न. त्यांनी आपले नाव सांगितले, गाव सांगितले, सासऱ्यांचेही नाव सांगितले. तरी उत्तर तेच, आणि ‘आलोच’ म्हणणारा माणूस काही येईना. शेवटी रागावून ते तसेच मागे फिरले आणि फाट्यावरच्या मंदिरात झोपले. मामा सकाळी हात जोडून त्यांना घरी घेऊन आले. ज्या डुकरांसाठी हा खटाटोप होता, ती लवकरच आवाजाला सरावली आणि भोंग्याच्या खांबाशीच भुईमूग उकरू लागली. आवाज असो वा बुजगावणे, त्याची जागा आणि वेळ सतत बदलली नाही, तर जनावर त्याला जुमानत नाही.

मांजराकाठ, लातूर

सर्वांचे मनापासून आभार. भोंग्याची गोष्ट चुलत्यांना वाचून दाखवली, ते हसून बेजार झाले. ओटा आणि धान्याची खोली यांसाठी विषारी आमिष वापरावे का? घरात लहान मुले आहेत आणि कुत्रेही आहे.

गोदाकाठची, परभणी

दादा, मुले आणि कुत्रे असलेल्या घरात झिंक फॉस्फाइड आणूच नका. त्यावर नेमका उतारा नाही, आणि पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन त्यातून विषारी वायू सुटतो. ते शेतातल्या जिवंत बिळांसाठी ठेवावे. आधी दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा बिळात टाकून सवय लावावी. मग भरड धान्याचे 49 भाग, गोड्या तेलाचा एक आणि औषधाचा एक असे काठीने कालवून बिळात खोल ठेवावे आणि तोंड बुजवावे. सवय न लावता थेट विष ठेवले, तर एखादी चाखून आजारी पडते आणि पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही.

घरासाठी पिंजराच बरा, पण तो भिंतीला लागून, घुशीच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवावा. आमच्या जाऊबाईंनी तो अंगणाच्या मधोमध ठेवला आणि आत गरम भजे टांगले. सकाळी पिंजऱ्यात आमचेच कुत्र्याचे पिल्लू! त्याला सोडवले, तर दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच, भजे खाऊन शांत झोपलेले. पुढे तर पिंजरा मांडायला घेतला, की ते शेपटी हलवत दाराशी येऊन बसे. अखेर भज्याऐवजी सुक्या खोबऱ्याचा भाजलेला तुकडा टांगला, पिंजरा कोठीच्या भिंतीलगत पोत्याखाली सरकवला आणि पिल्लाला रात्री घरात घेतले. त्यानंतर मात्र घुशी सापडू लागल्या.

घुशीला आणि पिंजऱ्याला उघड्या हाताने शिवू नका, उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार होतो. आणि पोती जमिनीवर न ठेवता भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर रचा. खचलेली फरशी बसवण्यापूर्वी बिळांत फुटक्या काचा घालून वर काँक्रीट ओता. चुलीमागचे तोंड आधी बंद करून घ्या.