गुरुवारच्या पाणीपुरवठ्याच्या शटडाउननंतर पंप स्काडावरून (दुरून यंत्रं चालवणाऱ्या संगणक-यंत्रणेवरून) चालू करावा का?

जॅकवेल: पंप दुरून बंद करायला माझी ना नाही. चालू करायला आहे, त्यातही पुण्यातल्या गुरुवारच्या शटडाउननंतर. लाइन रिकामी, समोर हेड (पाण्याचा उलटा दाब) नाही, पंप कर्व्हच्या उजव्या टोकाला, म्हणजे सर्वाधिक प्रवाहाकडे पळतो आणि मोटर ओव्हरलोडला जाते. पंपघरातला माणूस डिलिव्हरी व्हॉल्व्ह जेमतेम 10 टक्के उघडतो आणि अँपिअरचा काटा बघत बघत पुढे नेतो. पडद्यावरून जमेल हे?

चार-ते-वीस: जमतं की. करंट फुल लोडच्या 90 टक्क्यांवर गेला की व्हॉल्व्ह तिथेच थांबव, एवढं पीएलसीला (पंपाच्या ऑटोमॅटिक कंट्रोलरला) सांगायचं. चारपैकी एकच पंप लावा, भरताना वेग सेकंदाला 0.3 मीटरच्या आसपास ठेवा; नाहीतर हवा कोंडते, एअर व्हॉल्व्ह आपटतात. आणि गरम मोटरला लागोपाठ तिसऱ्यांदा स्टार्ट मारणारा माणूसच असतो. स्टार्ट मोजणारा रिले मारू देत नाही.

जॅकवेल: बटरफ्लाय व्हॉल्व्हची पिन तुटली तर स्पिंडल फिरतो, डिस्क (आतली झडप) जागेवरच. पडदा म्हणणार 40 टक्के उघडा.

चार-ते-वीस: अहो, तेव्हा प्रवाह शून्य आणि प्रेशर शटऑफला (बंद व्हॉल्व्हवर जेवढं चढतं तेवढं) असतं. 60 सेकंदांत प्रवाह नाही, तर ट्रिप. संपला विषय.

रिलेरूम: सोपी केस घेऊन भांडताय. प्रवाह भरपूर, प्रेशर कमी: लाइन रिकामी आहे की फुटलीय? पडद्यावर दोन्ही सारखंच. 2010 मध्ये मिशिगनमध्ये मार्शलजवळ एनब्रिजची तेलवाहिनी शटडाउन होतानाच फुटली. एडमंटनच्या कंट्रोल रूमने अलार्म म्हणजे कॉलम सेपरेशन (लाइनीत द्रव तुटून पोकळी होणं) समजून पंप पुन्हा दोनदा लावले. गळती कळायला 17 तास गेले, आणि सांडलेल्यातलं 81 टक्के तेल त्या दोन स्टार्टमध्ये गेलं.

जॅकवेल: तेच म्हणतोय मी!

रिलेरूम: पण पंपघरात माणूस असता तरी त्याला काय दिसलं असतं? फूट मार्शलच्या पंपघरापासून साधारण एक किलोमीटर पुढे.

चार-ते-वीस: उपाय घनफळाचा. 1000 मिमीच्या लाइनीत किलोमीटरला 785 घनमीटर पाणी मावतं. 8 किलोमीटरला 6,280. टोटलायझर (एकूण गेलेलं पाणी मोजणारा मीटर) त्यापुढे गेला आणि प्रेशर चढलं नाही, तर पीएलसीने पंप पाडायचा. रिसेट मात्र जागेवर जाऊनच.

जॅकवेल: म्हणजे अर्धं मान्य केलंत. आता फिटर ग्लँड (पंपाच्या शाफ्टची गळती रोखणारी) आवळायला बसलाय आणि लोकल-रिमोट स्विच रिमोटवर राहिलाय, त्याचं काय?

चार-ते-वीस: स्विचवर विसंबायचंच नाही. ब्रेकर रॅक-आउट (जागेवरून बाहेर ओढलेला), वर कुलूप, किल्ली फिटरच्या खिशात.