मदत हवी आहे: गुडघेदुखी आणि मधुमेह असताना जुन्या साधकांचं ३ दिवसांचं विपश्यना शिबिर

नमस्कार मंडळी,

आळंदीजवळ मरकळच्या विपश्यना केंद्रात (विपश्यना म्हणजे मौन राहून शरीरातल्या संवेदना समतेने बघण्याची ध्यानसाधना) जुन्या साधकांसाठी, म्हणजे आधी १० दिवसांचं शिबिर केलेल्यांसाठी, ३ दिवसांचं शिबिर आहे. अर्ज भरायला घेतलाय आणि दोन गोष्टींपाशी अडले आहे. पन्नाशीनंतर अशी छोटी शिबिरं केलेल्यांनी कृपया लिहा.

माझं १० दिवसांचं शिबिर इगतपुरीला, धम्मगिरीवर झालं. तेव्हा गुडघे धड होते आणि साखरेचा त्रासही नव्हता. आता सकाळी घरी नियमाने बसते, पण एकटीने बसलं की थोड्याच वेळात मन ओट्यापाशी जाऊन डाळ-भाताचा हिशेब करायला लागतं. सगळा हॉल निःशब्द बसलेला असला की तेच मन तासभर टिकतं, हे मी अनुभवलंय. म्हणून तर जायचंय, आणि मनापासून जायचंय.

पहिला प्रश्न गुडघ्याचा. उजव्या गुडघ्याची झीज झाली आहे, डॉक्टरांनी मांडी घालायची नाही असं बजावलंय. खुर्ची मागितली तर मिळते, ते माहीत आहे. मला वेगळंच वाटतंय. इगतपुरीला चौथ्या दिवसापासून अधिष्ठानाच्या, म्हणजे तासभर आसन न बदलता बसायच्या, बैठका सुरू झाल्या, तेव्हा मला अनिच्च (अनित्यता, सगळं बदलत राहतं ते) म्हणजे काय ते गुडघ्याच्या कळेनेच दाखवलं होतं. दगडासारखी वाटणारी कळ बघता बघता विरघळायची. खुर्चीत ती कळच नसेल तर साधना वरवरची होईल का? आणि थोडा वेळ खाली बसलेच, तर सोसून बघायचं दुखणं कोणतं आणि सांधा बिघडवणारं कोणतं, हे ओळखायचं कसं?

दुसरा प्रश्न जेवणाचा. नव्या साधकांना संध्याकाळी ५ वाजता चहा-दूध, कुरमुरे, फळ मिळतं. जुन्यांना फक्त लिंबूपाणी, कारण आपल्याला सहावं शील पाळायचं असतं, दुपारनंतर खायचं नाही. म्हणजे सकाळी ११ चं जेवण झालं की थेट दुसऱ्या दिवशी ६.३० चा नाश्ता. मी सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशी एकत्र गोळी घेते. शील मोडायचं नाहीये, पण घरचे काळजीत आहेत. काय करावं?

प्रतिसाद:

ताई, मी काही शिबिरांत धम्मसेवा (स्वयंसेवक म्हणून सेवा) दिली आहे, घरात आईला मधुमेह आहे. आधी गोळीचं लिहितो, कारण ते थांबण्यासारखं नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. ती गोळी घेऊन उपाशी झोपलात तर रात्री साखर ७० च्या खाली जाऊ शकते आणि झोपेत घाम, थरथर लक्षातही येत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही. स्वतःच्या मनाने गोळी कमी किंवा बंद मात्र करू नका. शिबिराचं वेळापत्रक छापून डॉक्टरांपुढे ठेवा, ११ आणि ६.३० वर खूण करून. अर्जात आजार आणि औषधं स्पष्ट लिहा. प्रकृतीच्या कारणाने जुन्या साधकाला सहाव्या शिलातून सूट देण्याचा अधिकार आचार्यांना, म्हणजे शिबिर घेणाऱ्या शिक्षकांना, आहे, तसं शिबिराच्या आचारसंहितेतच आहे. ती सूट घेणं म्हणजे शील मोडणं नव्हे. साखर मोजायचं यंत्र आणि ग्लुकोज पावडर खोलीत ठेवायचं असेल तर तेही पहिल्याच दिवशी सांगून टाका.

आता गुडघा. अधिष्ठान असतं ते तीन सामूहिक बैठकांना: सकाळी ८ ते ९, दुपारी २.३० ते ३.३०, संध्याकाळी ६ ते ७. बाकी वेळी आसन बदलायला मोकळीक असते. उठून चार पावलं टाकल्यावर ओसरतं ते दुखणं बसण्याचं. उठल्यावरही राहतं, सूज येते, गुडघा अडकतो, तिथे अधिष्ठान बाजूला ठेवून लगेच खुर्ची घ्यावी. तुम्हाला तर डॉक्टरांनी मनाईच केली आहे, तेव्हा पहिल्या बैठकीपासून खुर्चीच घ्या असं मी म्हणेन.

आणि खुर्चीत संवेदना संपतात असं कुठे आहे? पाठीला टेकलेलं कापड, तळव्यांची ऊब, कपाळावरची खाज, छातीतली धडधड, सगळं येतं आणि जातं. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या सजगतेवरच्या प्रवचनात, चालताना, उभं असताना, बसलेलं असताना, आडवं असताना सजग राहायला सांगितलंय. माझा अनुभव असा की कळ नसताना समता राखणं जास्त कठीण जातं. सुखद लहरींना मन इतकं हळूच चिकटतं की पत्ता लागत नाही. तुमच्यासाठी या वेळी तोच अभ्यास असेल.

धागाकर्ती:

दादा, फार आधार वाटला. सुखद संवेदनेचं लिहिलंत तिकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, अर्जही आज खुर्चीच्या विनंतीसह भरते. मधुमेहात जुन्या साधकांचं शिबिर केलेलं कुणी असेल तर आचार्यांनी संध्याकाळी काय घ्यायला सांगितलं, ते जरूर लिहा. आणि पुण्यात कर्वेनगर-कोथरूड भागात आठवड्याची सामूहिक साधना कुठे चालते का? शिबिरानंतर संध्याकाळची बैठक पुन्हा सुटू द्यायची नाहीये.