लोह जास्त घातलं की फोटोकॅटॅलिस्ट ढिला का पडतो?

प्रश्न: सोल-जेलने (द्रावणाचं जेल करून पावडर बनवायची पद्धत) टायटॅनियम डायऑक्साइड या फोटोकॅटॅलिस्टमध्ये (प्रकाशाच्या जोरावर रासायनिक क्रिया घडवणारा पदार्थ) लोह डोप करतेय, म्हणजे थोडं मिसळतेय, पांढरी पावडर मस्त पिवळसर झाली, वाटलं आता दिसणाऱ्या प्रकाशात जोरात चालेल, पण ५ टक्के लोहवाल्यापेक्षा अर्धा टक्कावालंच मिथिलीन ब्लू या निळ्या डायचा (रंगद्रव्याचा) रंग लवकर उडवतंय. असं का?

उत्तर १: रंग आला म्हणजे काम झालं असं नसतं. अनाटेजचा (टायटॅनियम डायऑक्साइडचं एक स्फटिकरूप) बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटरच्या वरचा प्रकाश त्याला चालतच नाही, लोह मधे एक पायरी टाकतं म्हणून कमी ऊर्जेतही भागतं. पण लोह वाढलं की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली धन जागा) त्याच पायरीवर एकमेकांना गाठून संपतात, पृष्ठभागापर्यंत पोचतच नाहीत, मग डाय तोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल बनणार कुठून?

उत्तर २: बरोबर. आणि नुसत्या मिथिलीन ब्लूवर विसंबू नका प्लीज, तो स्वतःच ६६४ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो, त्यामुळे श्रेय नक्की कॅटॅलिस्टचं की डायचं तेच कळत नाही. दिसणारा प्रकाश न शोषणारं फिनॉल घेऊन बघा, ४२० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश अडवणारा कटऑफ फिल्टर लावा. आणि पावडरला चिकटायचा तो डाय आधीच चिकटून जावा म्हणून लाइट लावायच्या आधी अर्धा तास अंधारात ढवळलं होतं का?

प्रश्नकर्ती: नाही ना! सेंट्रिफ्यूजनंतर तळाची पावडर निळी दिसली होती, म्हणजे थोडा डाय नुसता चिकटलाच होता. उद्याच परत करते.