मिकी डोलेंझ यांना ड्रमवादक म्हणावे का?

शशांक (विचारणा)

'द मंकीज' ही अमेरिकी मालिका एनबीसी वाहिनीवर १२ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. एका होतकरू बँडमधील चार तरुणांच्या या विनोदी मालिकेत ड्रमवादक झाले होते मिकी डोलेंझ. त्याआधी दहा वर्षे, म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षी, ते 'सर्कस बॉय' या मालिकेत मिकी ब्रॅडॉक या नावाने झळकले होते. थोडक्यात, मूळचे टीव्हीवरचे नट. माझ्या एका मित्राचे ठाम म्हणणे आहे की ते कॅमेऱ्यापुढे नुसत्या काठ्या हलवत आणि वाजवणारे दुसरेच कोणी असत. मात्र या चौघांच्या १९६७ च्या मैफलींचे ध्वनिमुद्रण मी ऐकले आहे, आणि त्यातील ठेका साधा असला तरी ऐकवत नाही असा मुळीच नाही. यातले खरे काय, हे जाणकारांनी सांगावे.

जुनी तबकडी

आपल्या मित्राचे म्हणणे मालिकेच्याच नावाने निघालेल्या पहिल्या दोन अल्बमपुरते जवळजवळ खरे आहे. मालिकेसाठी १७ ते २१ वयाचे चार तरुण हवेत अशी जाहिरात सप्टेंबर १९६५ मध्ये हॉलिवूडच्या व्यावसायिक नियतकालिकांत आली होती. डोलेंझ मात्र जाहिरात वाचून नव्हे, तर आपल्या एजंटामार्फत निवड चाचणीला गेले. त्यांना गिटार येत होती, ड्रम नव्हे. चौघांपैकी डेव्ही जोन्स यांना ड्रम येत असत, पण ते इतके ठेंगणे होते की ड्रमसेटमागे बसले असते तर दिसलेच नसते, आणि मुली ज्याच्यावर भाळणार त्या पोराला मागे दडवणे निर्मात्यांना परवडणारे नव्हते. भूमिका वाटाव्यात तशी वाद्ये वाटली गेली आणि ड्रम डोलेंझ यांच्या वाट्याला आले.

दिवसभर चित्रीकरण आणि त्यानंतर स्टुडिओत गायन अशा धबडग्यात सुरुवातीच्या गाण्यांचे वादन हॅल ब्लेन यांच्यासारख्या व्यावसायिक स्टुडिओवादकांकडून करून घेतले गेले. त्यात लपवण्यासारखे काही होते असे मला वाटत नाही, कारण त्या काळी लॉस एंजेलिसमधील कितीतरी नामांकित बँडच्या तबकड्यांवर हीच मंडळी वाजवत असत. पण ३ डिसेंबर १९६६ रोजी होनोलुलूत चौघे पहिल्यांदा प्रेक्षकांसमोर उभे राहिले, तेव्हा डोलेंझ यांच्या जागी वाजवायला पडद्याआड कोणी बसलेले नव्हते. मधल्या काळात शिकवणी लावून त्यांनी कामापुरते ड्रम शिकून घेतले होते.

तालमीचा खोळंबा

मी स्वतः ड्रम वाजवतो, म्हणून एक बारकावा नोंदवतो. उजव्या हाताचा वादक साधारणपणे बास ड्रमचे पेडल उजव्या पायाने दाबतो आणि हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी, डाव्या पायाने सांभाळतो. डोलेंझ यांना लहानपणी पर्थेस नावाचा हाडाचा आजार झाला होता आणि त्यामुळे त्यांचा उजवा पाय अधू राहिला. त्यांनी ड्रमसेटची मांडणीच बदलली: हात उजवे ठेवले, पण बास ड्रम डाव्या पायाकडे दिला. इतरांचे पाहून शिकण्याची सोय त्यामुळे बरीचशी गेली असणार. शिवाय 'आय ॲम अ बिलीव्हर'सारख्या गाण्यांचे मुख्य गायकही तेच होते. चार अवयव चार कामांत गुंतलेले असताना तोंडातली ओळ मात्रेच्या पुढेमागे मोकळी ठेवणे किती अवघड असते, हे आपल्या मित्राने एकदा करून पाहावे!

मे १९६७ मध्ये आलेल्या 'हेडक्वार्टर्स' या अल्बमवर ड्रम त्यांचेच आहेत. संगीताची सूत्रे हाती असलेले डॉन कर्श्नर दूर झाल्यावर चौघांनी स्वतः वाजवण्याचा हट्ट पुरा केला, तो हा अल्बम. वादन ओबडधोबड आहे, फिल (ठेक्यामधल्या भरीच्या छोट्या जागा) मोजकेच आहेत, पण लय सोडून ते कोठे भरकटत नाहीत. पुढच्याच अल्बमवर मात्र बहुतेक ठिकाणी एडी होह या व्यावसायिक वादकाचे ड्रम ऐकू येतात, कारण स्टुडिओत तासन्‌तास तेच ते वाजवत बसण्याचा डोलेंझ यांना कंटाळा आला होता.

शशांक

दोघांचेही आभार. मालिका १९६८ मध्ये बंद झाल्यावर त्यांनी पुढे काय केले?

जुनी तबकडी

ॲनिमेशनपटांना आवाज दिला, मग इंग्लंडला जाऊन दूरचित्रवाणीसाठी दिग्दर्शन केले. 'मेटल मिकी' ही यंत्रमानवाची मालिका त्याच काळातली. १९८६ मध्ये एमटीव्हीने 'द मंकीज' पुन्हा दाखवली आणि मैफलींचे दिवस परतले. २०२१ मध्ये मायकेल नेस्मिथ गेल्यापासून चौघांपैकी ते एकटेच उरले आहेत. मला विचाराल तर ते आधी गायक, मग नट आणि तिसऱ्या क्रमांकावर ड्रमवादक. पण तिसऱ्या क्रमांकावर का होईना, वादकच. मित्राला 'हेडक्वार्टर्स' ऐकवा आणि त्यातले 'रँडी स्काउस गिट' आधी लावा: गाणे डोलेंझ यांनीच रचले आहे आणि त्यातला टिंपनीचा (नगाऱ्यासारख्या मोठ्या वाद्याचा) दणदणाटही त्यांचाच आहे.