स्ट्रासबर्गला लाथ मारा म्हणणाऱ्यांनी माझ्या मामांचा पासपोर्ट बघावा

नैरोबीचा_भाचा
'ब्रिटननं स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयातून बाहेर पडावं, परक्या न्यायाधीशांनी लंडनला शिकवू नये' असा लेख काल इथे आला आणि खाली आपल्याच माणसांनी टाळ्या पिटल्या. दोन ओळींत राग मावेना, म्हणून वेगळा धागा.

परकं कसलं? ज्या करारावर हे कोर्ट चालतं, तो १९५० चा मानवी हक्कांचा युरोपीय करार लिहिण्यात चर्चिलच्याच पक्षाचा डेव्हिड मॅक्सवेल फाइफ पुढे होता. पहिली मंजुरी ब्रिटनची, १९५१ साली. तिथे ब्रिटनचाही न्यायाधीश बसतो.

माझे मामा केनियात, नैरोबीला रेल्वेत होते. हातात ब्रिटिश पासपोर्ट, गडद निळा, वर सोनेरी सिंह. १९६८ मध्ये ब्रिटिश संसदेनं तीन दिवसांत कायदा केला. ज्याचा बाप किंवा आजा ब्रिटनमधला, त्याला दार उघडं. मामांसारख्यांना त्याच पासपोर्टवर रांग. संसदेचा कायदा, त्यामुळे लंडनच्या कोर्टात तो रद्द होणं शक्यच नव्हतं. हा वांशिक भेदभाव आहे, माणसाला हीन लेखणं आहे, असं १९७३ मध्ये सांगितलं ते स्ट्रासबर्गच्या आयोगानं; तेव्हा तक्रारी कोर्टाआधी आयोगाकडे जायच्या. तो पासपोर्ट आजही मामीकडे बिस्किटांच्या डब्यात आहे. म्हणून म्हणतो, टाळ्या वाजवताना आपण कोणाच्या बाजूनं उभे आहोत ते बघा.

माणदेशी
मामांबद्दल आदर आहे, पण पन्नास वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर आजचा कारभार चालत नाही. २००५ ला हर्स्ट खटल्यात कोर्ट म्हणालं, कैद्यांना सरसकट मतबंदी चालणार नाही. २०११ मध्ये खासदारांनी २३४ विरुद्ध २२ मतांनी ते धुडकावलं. लोकांनी निवडून दिलेले मोठे की हे? १४ जून २०२२ ला आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला नेणारं विमान उडायच्या तयारीत होतं. स्ट्रासबर्गहून अंतरिम आदेश आला आणि विमान जागेवरच राहिलं. मे २०२५ मध्ये डेन्मार्क, इटली धरून नऊ देशांनी जाहीर पत्र लिहिलं की कोर्टानं परदेशी गुन्हेगारांना घालवणं अवघड करून ठेवलंय. सगळेच वेडे का?

आणि १९९६ चा चहल खटला विसरलात? ब्रिटनला तो शीख कार्यकर्ता देशाच्या सुरक्षेला धोका वाटत होता, तरी भारतात पाठवू दिला नाही. का, तर आपले पोलीस छळ करतील. हा आपल्या देशाचा अपमान आहे, आणि तुम्ही त्या कोर्टाची आरती ओवाळताय.

काळाकोट
चहल सहा वर्षं तुरुंगात होता, खटला न चालवता. तो निकाल १२ विरुद्ध ७ असा लागला, म्हणजे तिथेही मतभेद होतेच. पण त्या काळातल्या पंजाबात काय चाललं होतं ते आपल्याच वर्तमानपत्रांत छापून येत होतं. अपमान कोर्टानं केला नाही.

कैद्यांच्या मताचं म्हणाल, तर बारा वर्षं घोळ घालून ब्रिटननं २०१७ मध्ये सुटीवर बाहेर आलेल्या वगैरे थोड्या कैद्यांपुरती सवलत दिली आणि प्रकरण मिटलं. कोर्टाकडे पोलीस नाहीत. रवांडाची योजना बेकायदा ठरवली ती ब्रिटनच्याच सर्वोच्च न्यायालयानं, नोव्हेंबर २०२३ मध्ये, पाचही न्यायाधीशांनी एकमतानं.

लेस्टरची_ज्योत्स्ना
तुमची कलमं तुमच्यापाशी ठेवा. माझी आई साताऱ्यात एकटी आहे, वय ८१. मागच्या पावसाळ्यात न्हाणीघरात पडली. सकाळी दूधवाल्याला कडी आतून लागलेली दिसली म्हणून कळलं. पाच तास ओल्या फरशीवर होती. मी एकुलती एक. व्हिसाला नकार आला. २०१२ पासून नियम असा की आंघोळ, कपडे, स्वयंपाक ही रोजची कामं तिला स्वतः करता येत नाहीत हे दाखवायचं, आणि तशी काळजी घेणारं भारतात पैसे मोजूनही मिळत नाही हेही दाखवायचं. पत्रात काय, तर बाई ठेवता येईल. ठेवली होती. तिसऱ्या महिन्यात सोडून गेली.

आणि त्या करारातलं कौटुंबिक आयुष्याचं कलम ८ पुढे करून शिक्षा भोगलेले लोक इथे राहतात. माझ्या आईनं कोणाचं काय वाकडं केलंय? मला नको हे कोर्ट.

माणदेशी
हेच तर म्हणतोय मी!

सडेतोड_सातारकर
ताई, स्पष्ट बोलतो. आईला सोडून तुम्हीच गेलात. साताऱ्यात अशी दर चार घरांत एक म्हातारी आहे. कोर्टाला दोष देण्याआधी परत या.

लेस्टरची_ज्योत्स्ना
मुलगी डायलिसिसवर आहे. तिला घेऊन कुठे परत येऊ? माहीत नसेल तर बोलू नये.

सडेतोड_सातारकर
मुलीचं माहीत नव्हतं. ते वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही.

नैरोबीचा_भाचा
ज्योत्स्नाताई, तुमच्या आईला नकार देणारा नियम लंडननं केलाय. कोर्टातून बाहेर पडून तो बदलणार नाही.

पण एक कबूल करतो, नाइलाजानं. १९८५ मध्ये तीन स्थलांतरित बायका स्ट्रासबर्गला जिंकल्या. पुरुषांना बायको आणायला सोपं आणि बायकांना नवरा आणायला अवघड, हा भेदभाव आहे असं कोर्ट म्हणालं. सरकारनं काय केलं? पुरुषांसाठीही नियम कडक केले. झाली समानता. माझे मामाही १९७३ नंतर लंडनला गेले नाहीत, बोरिवलीत दोन खोल्यांत वारले. आयोगानं 'तुमच्यावर अन्याय झाला' एवढं सांगितलं. मामांना तेवढंही पुरलं होतं, पण तुम्हाला ते पुरावं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

माणदेशी
मामांच्या वेळी कोर्ट हवं होतं, हे मान्य. आज विमानं अडवायला नको, यावर ठाम.

काळाकोट
ज्योत्स्नाताई, अपिलाची मुदत गेली का? भारतातून अर्ज केला असेल तर नकारानंतर २८ दिवस असतात. बाई का सोडून गेली, नंतर कोणाकोणाला विचारलंत, ते सगळं लेखी हवं. दूधवाल्याचंही.

लेस्टरची_ज्योत्स्ना
अकरा दिवस राहिलेत. तुम्हाला खासगी निरोप केलाय. दूधवाला लिहून देईल, विचारते आजच.