ऑफिसच्या कॉम्प्युटरवरची शोधाशोध

सेक्रेटरी: कुडाळच्या ऑडिटरनी परत लिफ्टचा २०१६ चा ठराव मागितलाय. फाईल सोसायटीच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आहे हे नक्की. पण शोधायला गेलं की मशीन बसतं.

ए-१०३: एसएसडी, म्हणजे ती वेगवान डिस्क, घालून टाका. या खाऱ्या हवेत ती जुनी डिस्क किती दिवस काढणार?

बी-३०२: घाला, पण आधी मशीनला खातंय काय ते बघा. सिस्टीम मॉनिटर उघडलं तर सगळ्यात वर 'बालू'.

नाना (सी-१०१): ह्यो बालू खयचो?

बी-३०२: 😂 नाना, लिनक्सच्या केडीई डेस्कटॉपबरोबर येतो. २०१४ मध्ये नेपोमुक हा जुना शोधक काढून हा बसवला. फाईली उघडून आतला मजकूर वाचतो आणि सूची करून ठेवतो. जड पीडीएफ समोर आली की तिथेच घुटमळतो. माझं म्हणणं, याला बंद करू. नावानं शोधायला पीलोकेट, आतल्या मजकुरासाठी रीकॉल.

ए-१०३: लोकेट आहेच की त्यावर.

बी-३०२: ते जुनं एमलोकेट, दर वेळी अख्खी यादी चाळत बसतं. पीलोकेट नावांचे तीन-तीन बाइटचे तुकडे करून त्यांची सूची ठेवतं, त्यामुळे थेट मुद्द्यावर जातं. डेबियन या लिनक्सनं २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीत एमलोकेटच्या जागी हेच आणलं. कमांड तीच, लोकेट.

खजिनदार: सकाळी स्कॅन केलेली पावती लगेच मिळेल?

बी-३०२: नाही वहिनी, यादी दिवसातून एकदा ताजी होते. घाई असेल तर यादी ताजी करणारी अपडेटडीबी कमांड चालवायची. आणि एक गोम आहे. बॅकअपची डिस्क 'मीडिया' फोल्डरखाली लागते, आणि अपडेटडीबीच्या सेटिंगमध्ये तो फोल्डर मुळातच वगळलेला असतो. 'प्रूनपाथ्स' या वगळायच्या फोल्डरांच्या यादीतून तो काढला नाही, तर डिस्कवरचं काहीच दिसणार नाही आणि ग्रुपवर बोंब होईल, फाईली उडाल्या म्हणून.

सेक्रेटरी: ते ठीक. माझ्या ठरावाचं काय?

बी-३०२: काका, खरं दुखणं तिथेच आहे. तेव्हाची इतिवृत्तं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाईप केलीत. स्क्रीनवर मराठी दिसतं, फाईलच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. युनिकोडमध्ये, म्हणजे आपण फोनवर टाईप करतो त्या मराठीत, 'लिफ्ट' टाकून बालूनं शोधा नाहीतर रीकॉलनं, हाती काही लागणार नाही. स्कॅन म्हणजे तर नुसते फोटो. रीकॉलला चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टची जोड देऊन मराठीचं पॅकेज टाकलं, तर छापील मजकूर बऱ्यापैकी वाचता येतो. हस्ताक्षर सोडून द्या. आणि फाईलींची नावं तरी काय? 'स्कॅन ००१२', 'स्कॅन ००१२ नवीन', 'फायनल फायनल'.

सेक्रेटरी: 'फायनल फायनल' आधीच्या कमिटीचं आहे 🙏

डी-२०२: आमची पॅन-आधार त्यातच आहेत. हे रीकॉल बाहेर कुठे पाठवत नाही ना?

बी-३०२: नाही, सूची त्याच मशीनवर, ऑफिसच्या लॉगिनच्या फोल्डरात राहते. पण मॉनिटरवर चिकटवलेला पासवर्ड आधी काढा.

ए-१०३: म्हणजे एसएसडी रद्द?

बी-३०२: वार्षिक सभेत मांडा, ३० सप्टेंबरच्या आत ती घ्यायचीच आहे. पीलोकेट आणि रीकॉल दोन्ही फुकट आहेत, आत्ताच टाकू.

नाना (सी-१०१): माझी पार्किंगची पावती गावतली काय त्यात?

खजिनदार: नाना, ती हातानं लिहिलेली. कपाटातच बघायला हवी.

सेक्रेटरी: शनिवारी दहाला ऑफिस उघडतो. २०१६ च्या फाईली एकेक उघडून तारीख आणि विषय घालून नावं बदलतो, दोघं मदतीला या. रीकॉलची पहिली सूची व्हायला वेळ लागेल, इन्व्हर्टर आदल्या रात्री चार्ज करून ठेवा.