मदत हवी आहे: गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लेण्याद्री जमेल का?
नमस्कार मंडळी, यंदा आमचं वर्ष भरगच्च गेलं, उन्हाळ्यात नातवाची मुंज, गणपतीत सगळं खटलं गावी, मग ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, आता रोज बागेत फेऱ्या मारतात आणि संध्याकाळी पुन्हा पेटी घेऊन बसतात, बघून इतकं बरं वाटतं! आता त्यांना अष्टविनायक करायचंय, मोरगावपासून सुरू करून परत मोरगावलाच सांगता, अगदी शास्त्राप्रमाणे. पण लेण्याद्रीला ३०० च्या आसपास पायऱ्या आहेत, डॉक्टर सावकाश चढा म्हणालेत, मला काळजी उतरायची वाटते, तेव्हाच गुडघ्यावर जास्त भार येतो ना. तिथे डोली सकाळी लवकर मिळते का, साधारण किती घेतात? आणि आदल्या रात्री ओझरला राहायचं तर आधी बुकिंग लागतं का? नुकतंच कोणी ज्येष्ठांना घेऊन जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.